कुत्र्याचें फेफरें आणि भांगेचा ग्राही

(नभोवाणीवरील भाषण)



भांग म्हटली कीं आपणांस महाशिवरात्र आठवते, धुळवड आठवते, फार तर एखाद्या बैराग्याची चिलीम आठवते. फेफरें म्हटलें कीं कांदा आठवतो, नाहीं तर नाकाशीं धरलेली पायांतली वहाण. या दोन गोष्टींची गांठ कुत्र्याच्या मेंदूंत पडते असें कोणी सांगितल्यास ती थट्टा वाटेल. परंतु गांठ पडते हें खरें आहे, आणि ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांनीं ती समजून घेणें आतां अगत्याचें झालें आहे. कारण भांगेच्या झाडापासून काढलेलें तेल लहानशा बाटल्यांतून कुत्र्यांसाठीं विकलें जाऊं लागलें आहे. तें फेफऱ्यावर रामबाण आहे असें छातीठोकपणें सांगणारे स्नेही भेटतात, आणि तें निव्वळ विष आहे असें तितक्याच छातीठोकपणें सांगणारेही भेटतात. दोघांच्याही म्हणण्यांत थोडेंथोडें तथ्य आहे. तें कोठें आहे तें पाहूं.

मी राहतों त्या बावधनासारख्या गांवांतून हा प्रश्न अलीकडे अधिक ऐकूं येतो. बावधन हें मुळशी तालुक्यांतलें, राम नदीच्या कांठचें गांव. एके काळीं येथला कुत्रा अंगणांत, गोठ्यापाशीं किंवा शेतावर असे. रात्रीं त्याला झटका आला तर पाहण्यास कोणी जागें नसे, आणि सकाळीं तो अंमळ सुस्त दिसला तर तें कोणाच्या ध्यानांत येत नसे. आतां पुणें शहर टेकड्या ओलांडून गांवांत शिरलें, उंच इमारती उठल्या, आणि कुत्राही अंगण सोडून चौथ्या मजल्यावर माणसांच्या अंथरुणाशेजारीं निजूं लागला. पूर्वींच्या कुत्र्यांना असले आजार नव्हते असें वृद्ध मंडळी म्हणतात. आजार असावेत, साक्षीदार नव्हते, इतकेंच.

सुमारें दीडशें कुत्र्यांमागें एकाला अपस्मार असतो, असा पाश्चात्य देशांतील पशुवैद्यांचा हिशेब आहे. मेंदूंत गांठ, जखम वगैरे दिसणारें कारण न सांपडतां येणारा जो अपस्मार, तो बहुधा वयाच्या सहाव्या महिन्यापासून सहाव्या वर्षापर्यंत प्रथम प्रकट होतो. लॅब्राडोर, अल्सेशियन, बीगल अशा जातींत तो अधिक आढळतो; गांवठी कुत्राही त्यांतून सुटलेला नाहीं. झटका बहुतकरून विश्रांतीच्या वेळीं किंवा झोंपेंत येतो. कुत्रा एका कुशीवर पडतो, पाय ताठ होतात, मग पोहत असल्याप्रमाणें चारही पाय हलूं लागतात, जबडा कडकड वाजतो, तोंडाला फेंस येतो, मूत्र सुटतें. एक-दोन मिनिटांत सारें शमतें. त्यानंतर कांहीं काळ तो आंधळ्यासारखा भिंतींना धडकत हिंडतो, आणि कधींकधीं धन्यालाही ओळखत नाहीं.

हा फेंस आणि हें ओळख विसरणें यांमुळें घात होतो. "कुत्रा पिसाळला!" अशी हांकाटी उठते आणि कोणी तरी काठी उचलतो. आमच्या बाजूच्या एका इमारतीच्या जिन्यांत गेल्या पावसाळ्यांत असाच प्रसंग घडला. कुत्र्याची मालकीण, महाविद्यालयांत शिकणारी मुलगी, त्याच्यावर ओणवी झाली म्हणून तो वांचला. तेव्हां हा भेद आधींच सांगून टाकतों. पिसाळलेला कुत्रा दिवसेंदिवस खालावतच जातो. त्याला गिळवत नाहीं, आवाज बदलतो, अंगांत पांगळेपणा चढत जातो, आणि लक्षणें दिसूं लागल्यापासून साधारणपणें दहा दिवसांच्या आंत तो मरतो. अपस्माराचा कुत्रा कांहीं तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, पूर्ववत् होऊन जेवूं-खेळूं लागतो. अर्थात् ज्याला लस टोचलेली नाहीं अशा अनोळखी कुत्र्याच्या तोंडाशीं हात नेण्याचें धाडस कोणी करूं नये. आणि चावा झालाच तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें चांगली पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. तेथें तर्क चालवूं नये.

आतां मेंदूंत काय घडतें तें पाहूं. त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपली लग्नाची पंगत पुरे. पंगतींत वाढपी फिरत असतो, जेवणारा बसलेला असतो, आणि दोघांमध्यें पान असतें. मेंदूंतही एक मज्जापेशी वाढणारी असते व दुसरी घेणारी. दोघींमध्यें एक अतिसूक्ष्म फट असते, आणि त्या फटींत वाढणारी पेशी आपलें संदेशद्रव्य सोडते. कांहीं वाढपी उत्तेजक द्रव्य वाढतात, त्यानें घेणारी पेशी चेतते. कांहीं शामक द्रव्य वाढतात, त्यानें ती शांत होते. दोहोंचा तोल राहिला म्हणजे मेंदूचें काम सुरळीत चालतें. तो बिघडून असंख्य पेशी एकदम, एकाच ठेक्यांत चेतूं लागल्या कीं झटका येतो.

पंगतींत आग्रह अति झाला तर जेवणारा काय करतो? पानावर आडवा हात धरतो. मेंदूंतली घेणारी पेशीही तेंच करते. ती स्वतःच्या आवरणांतील स्निग्ध पदार्थापासून तिथल्या तिथें एक द्रव्य घडविते आणि तें उलट्या दिशेनें, फट ओलांडून, वाढणाऱ्या पेशीकडे धाडते. वाढणाऱ्या पेशीच्या टोंकावर हें द्रव्य धरून घेणारी एक रचना असते. तिला शास्त्रीय परिभाषेंत ग्राही म्हणतात. द्रव्य ग्राहीवर बसलें कीं वाढपी हात आखडता घेतो. मेंदूंतील बहुतेक संदेश वाढप्याकडून जेवणाऱ्याकडे जातात. हा मात्र उलटा जातो, गरज पडेल तेव्हांच घडतो, आणि काम होतांच विरून जातो. आज ज्या ग्राहीविषयीं बोलावयाचें तो हाच. त्याला नांव मात्र भांगेवरून पडलें आहे, कारण तो सांपडला भांगेचा माग काढतां काढतां.

तो माग हिंदुस्थानांतूनच निघतो. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत विल्यम ब्रुक ओशॉघनेसी नांवाचे आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवीत असत. १८३९ सालीं त्यांनीं गांजा व चरस यांच्या औषधी उपयोगांवर एक निबंध सादर केला. माणसाला औषध देण्यापूर्वीं तें प्राण्यांवर पाहावें हा त्यांचा नेम, आणि निबंधांतला पहिलाच प्रयोग आहे तो एका मध्यम आकाराच्या कुत्र्यावर. दहा ग्रेन नेपाळी चरस मद्यार्कांत विरघळवून त्याला दिला. अर्ध्या तासांत तो सुस्तावला. मधूनच दचकून उठे, परम संतोषानें शेपूट हलवी, अन्न दिसतांच त्याजवर तुटून पडे, आणि हांक मारली तर झोकांड्या खाई. सहा तासांनीं स्वारी पुन्हां ताजीतवानी. मांजर, डुक्कर, गिधाड, कावळा यांना अशीच नशा चढे. घोडा, गाय, शेळी, हरिण अशा गवत खाणाऱ्यांवर मात्र परिणाम नांवालाच दिसे, असेंही त्यांनीं नोंदविलें.

त्याच निबंधांतले दोन रोगी आजच्या विषयाला येऊन भिडतात. एक, पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेला इसम. भांगेच्या औषधानें त्याचा प्राण वांचला नाहीं, परंतु यातना सौम्य झाल्या व त्याला थोडेंफार गिळतां आलें. दुसरी, अवघ्या चाळीस दिवसांची एक मुलगी. तिला एकामागून एक आंचके येत होते. अत्यल्प मात्रेपासून आरंभ करून हळूहळू मात्रा वाढवितां वाढवितां ती बरी झाली. आंचक्यांवर हें मोठें मोलाचें औषध आहे, असा ओशॉघनेसी यांचा अभिप्राय पडला. हेच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत तारायंत्र उभारणारे म्हणून प्रसिद्धीस आले. मज्जातंतूंचे संदेश आणि तारेचे संदेश यांच्या मागें एकच माणूस लागावा, ही मोठी मौज आहे.

कुत्रा इतका कां झिंगला, याचा उलगडा होण्यास दीडशें वर्षें लागलीं. १९६४ सालीं इस्रायलांत येहिएल गाओनी व राफाएल मेशूलम यांनीं भांगेंतील नशा आणणारें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्याचें नांव लांबलचक आहे. आपण त्याला टीएचसी म्हणूं. १९८८ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें ॲलिन हाउलेट व विल्यम डिव्हेन यांनीं उंदराच्या मेंदूंत तें द्रव्य ज्यावर बसतें तो ग्राही असल्याचें सिद्ध केलें, आणि १९९० सालीं लिसा मात्सुदा व त्यांचे सहकारी यांनीं त्या ग्राहीचा जनुक हुडकून काढला. मग साहजिकच प्रश्न निघाला: निसर्गानें प्राण्यांच्या डोक्यांत भांगेसाठीं आसन कशाला मांडून ठेवावें? तें आसन अर्थातच घरच्या पाहुण्यासाठीं असलें पाहिजे. हा पाहुणा १९९२ सालीं जेरुसलेम येथें डुकराच्या मेंदूंत सांपडला, आणि शोधकांनीं आपल्या संस्कृतांतला "आनंद" शब्द घेऊन त्याचें नांव "आनंदामाइड" असें ठेविलें. वर्गांत जन्मभर शब्दांच्या व्युत्पत्ति सांगितलेल्या माणसाला हें वाचून काय वाटलें असेल तें श्रोत्यांनींच ताडावें. अशाच कामाचें दुसरें एक द्रव्य १९९५ सालीं उजेडांत आलें.

हे ग्राही मेंदूंत सर्वत्र सारखे पसरलेले नाहींत. १९९० सालीं माणसासह अनेक प्राण्यांच्या मेंदूंचे जे नकाशे काढण्यांत आले, त्यांत तीन ठिकाणीं ते दाट दिसले: हालचालींचें नियमन करणारीं मेंदूच्या गाभ्यांतील केंद्रें, स्मरणशक्तीशीं निगडित असलेला हिप्पोकॅम्पस, आणि शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू. श्वास व हृदय चालविणाऱ्या मेंदूच्या देंठांत मात्र ते विरळ. भांगेनें माणूस झिंगतो पण क्वचितच दगावतो, याचें एक कारण हें असावें. कुत्र्याच्या लहान मेंदूंत त्यांची दाटी माणसाहून पुष्कळच अधिक आहे. कलकत्त्याच्या त्या कुत्र्याच्या झोकांड्यांचें मर्म येथें आहे. औषधें बनविणाऱ्यांनीं या गुणाचा एकेकाळीं उपयोगही करून घेतला होता. १९१६ च्या अमेरिकन औषधसंहितेप्रमाणें भांगेच्या अर्काची प्रत कुत्र्याला तो देऊन, त्याचे पाय केव्हां लटपटतात यावरून ठरवीत. मोजमापाचें यंत्र म्हणून जिवंत कुत्रा!

यावरून उत्साही स्नेह्यांच्या म्हणण्यांतला धोका कळेल. पेशीनें पानावर धरलेला हात आपापल्या पानापुरता व घटकाभर असतो. टीएचसीचा प्रकार निराळा. तें सबंध मांडवांत एकदम "बस!" म्हणून ओरडतें, आणि तास न् तास ओरडत राहतें. त्यानें उत्तेजक वाढणारे थांबतात तसे शामक वाढणारेही थांबतात. कारण हा ग्राही दोघांच्याही टोंकांवर आहे. म्हणून झटका शमण्याऐवजीं तोल आणखी ढळण्याचा संभव राहतो. घरीं वाटलेली भांग, गांजा घातलेली मिठाई किंवा टाकलेलें थोटूक कुत्र्याच्या पोटांत गेलें तर तो डुलूं लागतो, जरा आवाज होतांच दचकतो, लाळ गळते, जागच्या जागीं मूत्र ठिपकत राहतें, अंग गार पडतें. घरच्यांना वाटतें फेफरें पुन्हां आलें. अशा वेळीं लाजेपोटीं डॉक्टरांपासून गोष्ट लपविण्याकडे कल होतो, आणि मग डॉक्टर बिचारे भलत्याच रोगामागें धांवतात. काय खाल्लें तें सरळ सांगावें. पशुवैद्य हा कांहीं फौजदार नव्हे.

मग अपस्माराच्या कुत्र्याच्या मेंदूंत या ग्राहीचें व त्याच्या घरच्या द्रव्यांचें काय होतें? जर्मनींतील हॅनोव्हर येथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठांत यावर बरेंच काम झालें आहे. २०१३ सालीं तेथील संशोधकांनीं अपस्मार असलेल्या कुत्र्यांच्या मेंदूभोंवतालच्या द्रवाची तपासणी प्रसिद्ध केली. निरोगी कुत्र्यांपेक्षां त्यांत आनंदामाइडचें प्रमाण अधिक आढळलें. म्हणजे जेवणारा पुन्हां पुन्हां हात आडवा धरीत आहे, असा त्याचा एक अर्थ लावतां येतो. २०१७ सालीं त्यांनींच निरोगी कुत्र्याच्या मेंदूंत व मज्जारज्जूंत हा ग्राही कोठें कोठें आहे याचा तपशीलवार नकाशा दिला. त्यांत मेंदूचें बाह्यपटल व हिप्पोकॅम्पस, म्हणजे जेथून झटके बहुधा उसळतात तींच ठिकाणें, ठळकपणें दिसतात.

माणसाची गोष्ट याहून वेगळी निघाली, आणि मला तीच अधिक बोलकी वाटते. इटलींत २०१० सालीं नुकताच अपस्मार जडलेल्या रोग्यांच्या त्याच द्रवांत आनंदामाइड उलट कमी भरलें. त्यापूर्वीं, २००८ सालीं, बुडापेस्ट येथें शस्त्रक्रियेंत काढलेले हिप्पोकॅम्पसचे तुकडे तपासण्यांत आले होते. त्यांत उत्तेजक द्रव्य वाढणाऱ्या पेशींच्या टोंकांवरचेच ग्राही घटलेले होते. जेवणारा हात आडवा धरतो आहे, पण ज्या वाढप्यानें तो पाहावयाचा त्याचीच दृष्टि अधू झालेली! असें झाल्यावर आग्रह आवरणार कोण? माणसावरून कुत्र्याचें अथवा कुत्र्यावरून माणसाचें अनुमान एकदम करूं नये, हेंही या दोन देशांच्या निष्कर्षांवरून दिसून येईल.

आतां त्या बाटलींतल्या तेलाकडे वळूं. त्यांत टीएचसी मुख्य नसतें, निदान नसावें. त्यांत असतें कॅनाबिडायॉल, भांगेच्या झाडांतलेंच दुसरें एक द्रव्य. यानें नशा येत नाहीं. येथें एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इतका वेळ ज्या ग्राहीचें आख्यान लाविलें, त्याच्या आसनावर कॅनाबिडायॉल टीएचसीप्रमाणें ठाण मांडून बसत नाहीं. तें इतर वाटांनीं, पेशींतील कॅल्शियमची ये-जा व इतर कांहीं ग्राही यांवर परिणाम करून, पेशींचा क्षोभ कमी करतें. तेव्हां "कुत्र्याच्या मेंदूंत भांगेचे ग्राही आहेत, म्हणून हें तेल लागू पडतें" असें जें जाहिरातींतून सांगण्यांत येतें, तो युक्तिवाद लंगडा आहे. ग्राही आहेत हें खरें, तेलाचा कांहीं उपयोग होतो हेंही खरें असूं शकेल. पण पहिल्यावरून दुसरें निघत नाहीं.

उपयोग किती होतो तें प्रयोगानेंच ठरावयाचें. माणसांत, बालपणींच्या दोन दुर्मिळ व दुर्धर अपस्मारांसाठीं शुद्ध कॅनाबिडायॉलचें औषध अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें. कुत्र्यांवरचा बहुश्रुत प्रयोग कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचा. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या औषधांनीं न आटोपणारा अपस्मार असलेले २६ कुत्रे दोन गटांत विभागले. नेहमींचें औषध दोन्हीं गटांत चालूंच ठेविलें. एका गटाला वजनाच्या दर किलोमागें अडीच मिलिग्रॅम कॅनाबिडायॉल दिवसांतून दोनदां, असें बारा आठवडे दिलें; दुसऱ्याला नुसतें तेल. शेवटीं पहिल्या गटांतले ९ व दुसऱ्यांतले ७ कुत्रे हिशेबांत धरतां आले. पहिल्या गटाचे झटके मध्यमानानें ३३ टक्क्यांनीं उतरले. जाहिराती येथेंच थांबतात. पुढचें वाक्य असें आहे कीं, झटके निम्म्यानें वा त्याहून अधिक उतरले असे कुत्रे मोजले, तर ते दोन्हीं गटांत दोन-दोनच होते. शिवाय औषध घेतलेल्या कुत्र्यांच्या रक्तांत यकृताशीं संबंधित एका घटकाचें प्रमाण वाढलें होतें. यास निराशाजनक म्हणणार नाहीं. जोडऔषध म्हणून त्याचा विचार व्हावा इतपत आधार आहे. चालू औषध बंद करून त्याच्या जागीं बसवावें इतपत मुळींच नाहीं.

तें चालू औषध बहुधा फेनोबार्बिटोन किंवा पोटॅशियम ब्रोमाइड असतें. दोन्हीं जुनींच: ब्रोमाइड अपस्मारावर १८५७ पासून, फेनोबार्बिटोन १९१२ पासून. साधारणतः दोन तृतीयांश कुत्र्यांचा त्यावर निभाव लागतो. आणि उरलेल्या तृतीयांशांचे धनीच हताश होऊन तेलाच्या बाटलीकडे वळतात. त्यांची तळमळ मला समजते. मात्र फेनोबार्बिटोन एकाएकीं तोडल्यानें झटक्यांमागून झटके येऊन कुत्रा प्राणास मुकूं शकतो, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

बाटली घेतलीच तर तिच्यावरची चिठ्ठी नीट वाचावी. भांगेच्या बियांचें तेल आणि पानांचा अर्क या दोन भिन्न वस्तु आहेत. बियांचें तेल हें खाद्यतेलासारखेंच; त्यांत कॅनाबिडायॉल जवळ जवळ नसतें, आणि तें फेफऱ्यासाठीं महाग दरानें घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें. पानांच्या अर्कांत तें असतें, पण त्याबरोबर टीएचसी किती आहे हें प्रयोगशाळेच्या दाखल्यावांचून कळत नाहीं. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें गांजा व चरस यांना मनाई आहे. शेंड्यावांचून असलेलीं पानें व बिया त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, आणि आयुर्वेदीय औषधांत "विजया" या नांवानें पानांचा उपयोग चालतो. पण कायद्यानें मिळणारी वस्तु कुत्र्याच्या लहान मेंदूलाही मानवतेच असें नाहीं.

प्रत्यक्ष झटका आला असतां आपल्या हातीं थोडेंच असतें, पण जें असतें तें करावें. जवळचें मेज, खुर्ची, पाण्याचें भांडें दूर सारावें. जिना जवळ असेल तर आड उभें राहावें. दिवा व आवाज मंद करावा. तोंडांत हात, चमचा, कांदा कांहींही घालूं नये. कुत्रा जीभ गिळत नाहीं, आपलीं बोटें मात्र तुटतात. घड्याळ पाहावें. पांच मिनिटांच्या वर झटका चालला, किंवा एका दिवसांत दोन वा अधिक झटके आले, तर रात्र असो कीं पाऊस, डॉक्टरांकडे न्यावें. घरांत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, किती मिनिटें, आधीं काय खाल्लें, कोणतें औषध केव्हां दिलें, इतकें तींत लिहावें. घरांतील दुसऱ्या माणसानें खिशांतल्या दूरध्वनीवर झटक्याची चित्रफीत घ्यावी, कारण दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत कुत्रा बहुधा शेपूट हलवीत उभा असतो. आणि तेल देत असाल तर ती बाटलीही बरोबर न्यावी. फेनोबार्बिटोन व कॅनाबिडायॉल दोन्हीं यकृतांतूनच जातात. दोहोंच्या मात्रा जुळवावयाच्या तर यकृताची रक्ततपासणी करूनच त्या जुळवाव्या लागतात.